लैंगिक गुन्हेगार मनोरुग्ण असतात का? त्यांचा धोका डॉक्टरांना मोजता येतो का?

लहान मुलावरच्या अत्याचाराची बातमी येते. पुढे कळते की आरोपी आधीही अशाच गुन्ह्यात शिक्षा भोगून आला होता. मग दवाखान्यात, सोसायटीच्या ग्रुपवर, घरी जेवताना एकच प्रश्न निघतो: "अशा विकृत माणसाला सोडलंच कसं? कायमचं मेंटल हॉस्पिटलमध्ये का नाही टाकत?"

या प्रश्नामागचा राग आणि भीती दोन्ही खरी आहेत. पण या प्रश्नात आपण दोन गोष्टी न बोलता गृहीत धरतो. पहिली, असा गुन्हा करणारा माणूस मनोरुग्ण असतोच. दुसरी, तो पुन्हा गुन्हा करेल की नाही हे डॉक्टरांना तपासून सांगता येते.

अमेरिकेत नेमक्या याच दोन गृहीतकांवर कायदे उभे आहेत आणि ते ३० वर्षांहून अधिक काळ चालू आहेत. त्यामुळे या उपायाचे काय होते हे तिथे पाहता येते. हा लेख त्याबद्दल आहे. शेवटी भारतातली स्थिती आणि तुमच्या घरासाठी उपयोगी अशा काही गोष्टीही दिल्या आहेत.

सिव्हिल कमिटमेंट म्हणजे काय?

एखाद्या व्यक्तीला गंभीर मानसिक आजार आहे, त्यामुळे तिच्या स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका आहे, पण ती उपचाराला तयार नाही. अशा वेळी कायद्याच्या आधाराने तिला तिच्या मर्जीविरुद्ध रुग्णालयात दाखल करता येते. याला सिव्हिल कमिटमेंट म्हणतात. 'सिव्हिल' म्हणजे दिवाणी स्वरूपाची कारवाई. ही शिक्षा नसते, तिचा हेतू उपचार आणि संरक्षण हा असतो.

अमेरिकेतल्या सुमारे २० राज्यांनी आणि केंद्र सरकारने हीच तरतूद लैंगिक गुन्हेगारांसाठी वेगळ्या पद्धतीने वापरली. कैद्याची शिक्षा संपत आली की सरकार न्यायालयात अर्ज करते. तज्ज्ञ त्याची तपासणी करतात. त्याच्यात 'मानसिक विकृती' आहे आणि तो पुन्हा लैंगिक हिंसा करण्याची शक्यता मोठी आहे असे न्यायालयाला पटले, तर त्याला तुरुंगातून घरी न पाठवता बंदिस्त उपचार केंद्रात पाठवतात. किती दिवसांसाठी, हे ठरलेले नसते. धोका कमी झाला असे सिद्ध होईपर्यंत तो आतच राहतो.

हा कायदा आला कुठून?

कल्पना जुनी आहे. १९३० च्या दशकाच्या शेवटी मिशिगन, मिनेसोटा अशा राज्यांनी 'सेक्शुअल सायकोपॅथ' कायदे केले. तेव्हाची समजूत अशी की हे लोक आजारी आहेत, म्हणून त्यांना तुरुंगाऐवजी रुग्णालयात ठेवून बरे करावे. पुढे हे उपचार फारसे उपयोगी पडत नाहीत असे दिसले. १९७७ मध्ये अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्याच एका गटाने हे कायदे रद्द करावेत असे सांगितले. बहुतेक राज्यांनी ते गुंडाळले.

१९८९ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या टॅकोमा शहरात एका सात वर्षांच्या मुलावर भयानक अत्याचार झाला. आरोपीचा पूर्वेतिहास मोठा होता. तो सुटण्यापूर्वी त्याला रुग्णालयात अडकवून ठेवण्याचा प्रयत्न झाला होता, पण तेव्हाच्या कायद्याच्या निकषात तो बसला नव्हता. लोक संतापले आणि १९९० मध्ये राज्याने नवा कायदा केला. जुन्या आणि नव्या कायद्यातला फरक लक्षात घ्या. जुना कायदा तुरुंगाऐवजी रुग्णालय असा होता. नवा कायदा आधी पूर्ण तुरुंग आणि मग रुग्णालय असा आहे.

कॅन्सस राज्याने १९९४ मध्ये असाच कायदा केला. त्याखाली सर्वात आधी लिरॉय हेन्ड्रिक्स याला बंदिस्त केले गेले. मुलांवरच्या अत्याचाराचा त्याचा इतिहास अनेक दशकांचा होता. ताण आला की मला स्वतःला आवरता येत नाही, हे त्याने स्वतःच न्यायालयात मान्य केले होते. १९९७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ अशा मतांनी हा कायदा वैध ठरवला. ही शिक्षा नाही, दिवाणी कारवाई आहे, म्हणून एकाच गुन्ह्यासाठी दोनदा शिक्षा झाली असे होत नाही, असा बहुमताचा निष्कर्ष होता. २००२ मध्ये त्याच न्यायालयाने एक अट स्पष्ट केली: माणूस धोकादायक आहे एवढे पुरेसे नाही, त्याला स्वतःच्या वागण्यावर ताबा ठेवणे गंभीर स्वरूपात कठीण जाते हेही दाखवावे लागेल.

लैंगिक गुन्हा करणे हा आजार आहे का?

नाही. गुन्हा ही कृती आहे आणि आजार हे निदान आहे. दोन्ही कधीकधी एकाच माणसात आढळतात, पण ती एकच गोष्ट नव्हे.

वैद्यकशास्त्रात 'पॅराफिलिक डिसऑर्डर' नावाचा विकारांचा गट आहे. त्यात लैंगिक आकर्षण अशा दिशेला असते की त्यातून दुसऱ्याला इजा होते किंवा त्या व्यक्तीला स्वतःला तीव्र त्रास होतो. वयात न आलेल्या मुलांबद्दल सातत्याने लैंगिक आकर्षण असणे, म्हणजे पीडोफिलिया, हे यातले सर्वांना माहीत असलेले उदाहरण. इथे दोन गोष्टी समजून घ्या:

- मुलांवर अत्याचार करणाऱ्या प्रत्येकाला पीडोफिलिया नसतो. संधी, सत्ता, दारू, राग, इतरांबद्दल बेफिकिरी अशी कितीतरी कारणे असतात.
- असे आकर्षण असलेला प्रत्येक जण गुन्हा करतोच असे नाही. काही जण आयुष्यभर स्वतःला आवरतात आणि मदत शोधतात.

प्रौढ स्त्रीवर बलात्कार करणाऱ्याचे काय? बळजबरीचेच आकर्षण असणे हा स्वतंत्र मानसिक विकार मानावा, असा प्रस्ताव अमेरिकेच्या निदान-पुस्तिकेसाठी पुढे आला होता. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत तो स्वीकारला गेला नाही. ते निदान एकदा आले असते, तर कोणत्याही बलात्काऱ्याला 'रुग्ण' म्हणता आले असते, ही त्यामागची एक मोठी चिंता होती.

कायद्यातला 'मानसिक विकृती' हा शब्द कायदेमंडळाने बनवलेला आहे, डॉक्टरांनी नव्हे. स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर आजार असलेल्या रुग्णांशी त्याचा काही संबंध नाही. अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनच्या अभ्यासगटाने १९९९ च्या अहवालात या कायद्यांवर कडक टीका केली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते: ज्याला समाजाला कोंडून ठेवायचे आहे त्याला आजारी ठरवण्यासाठी मानसोपचारशास्त्राचा वापर होत आहे आणि त्यात या शास्त्राचीच विश्वासार्हता पणाला लागते.

धोका कसा मोजतात?

पूर्वी तज्ज्ञ मुलाखत घेऊन अनुभवावरून मत देत. अशी मते वारंवार चुकतात हे संशोधनात दिसले. म्हणून आता ठरावीक मुद्द्यांना गुण देणारी साधने वापरतात. हृदयविकाराचा धोका काढताना आम्ही वय, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान यांची गोळाबेरीज करतो, तसेच हे.

सर्वात जास्त वापरले जाणारे साधन म्हणजे 'स्टॅटिक-९९' आणि त्याची सुधारित आवृत्ती. त्यात दहा मुद्दे आहेत. सुटकेच्या वेळचे वय किती? जोडीदारासोबत सलग दोन वर्षे कधी राहिला आहे का? आधीचे लैंगिक गुन्हे किती? आधी किती वेळा शिक्षा झाली? लैंगिक नसलेली मारहाण केली आहे का? प्रत्यक्ष स्पर्श न करता केलेले लैंगिक गुन्हे, उदाहरणार्थ अंगप्रदर्शन, नोंदलेले आहेत का? पीडितांमध्ये नात्याबाहेरची, पूर्ण अनोळखी किंवा पुरुष व्यक्ती होती का? या उत्तरांच्या बेरजेवरून माणूस कमी, मध्यम किंवा जास्त धोक्याच्या गटात जातो.

यातले जवळजवळ सगळे मुद्दे भूतकाळातले आहेत. कैद्याने दहा वर्षे मनापासून उपचार घेतले, तरी पूर्वीच्या गुन्ह्यांची संख्या बदलत नाही. म्हणून बदलू शकणाऱ्या गोष्टी मोजणारी वेगळी साधनेही असतात: आवेग आवरण्याची क्षमता, लैंगिक विचारांत गुंतून राहणे, मित्रपरिवार, देखरेखीला सहकार्य वगैरे. काही ठिकाणी लिंगातला रक्तप्रवाह मोजून आकर्षण तपासणारी चाचणीही करतात. पण तिची पद्धत सर्वत्र सारखी नाही आणि तिचा निकाल माणूस काही प्रमाणात दाबूही शकतो.

आकडे नीट वाचूया

स्टॅटिक-९९ ची अचूकता ढोबळपणे ७० टक्के सांगितली जाते. याचा अर्थ 'दहापैकी सात भाकिते खरी ठरतात' असा नाही. अर्थ असा: पुन्हा गुन्हा केलेला एक आणि न केलेला एक, अशा जोड्या घेतल्या, तर १०० पैकी साधारण ७० जोड्यांत गुन्हा करणाऱ्याचे गुण जास्त असतात. नाणे उडवण्यापेक्षा हे नक्कीच बरे आहे, पण खात्री म्हणावी असे नाही.

आता एक साधे गणित करू. हे फक्त समजण्यासाठी आहे. समजा १,००० सुटलेल्या कैद्यांपैकी १०० जण पुढे पुन्हा लैंगिक गुन्हा करणार आहेत आणि ९०० जण करणार नाहीत. आपली चाचणी दोन्ही गटांना ७० टक्के बरोबर ओळखते. मग १०० पैकी ७० धोकादायक लोक पकडले जातील. पण ९०० पैकी २७० जणांवरही 'धोकादायक' असा शिक्का बसेल. एकूण ३४० जण आत जातील आणि त्यातले फक्त ७० जण खरोखर गुन्हा करणारे असतील. म्हणजे पाचपैकी एक. शिवाय ३० धोकादायक लोक बाहेर राहतील ते वेगळेच.

मग खरे प्रमाण किती असते? १९९८ मध्ये ६१ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात सरासरी चार ते पाच वर्षांत सुमारे १३ टक्के जणांचा नवा लैंगिक गुन्हा नोंदला गेला होता. असे गुन्हे मोठ्या प्रमाणावर नोंदलेच जात नाहीत, त्यामुळे खरे प्रमाण याहून जास्त असणार. तरीही अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या एका निकालात, उपचार न घेतलेल्यांबाबत, ८० टक्क्यांपर्यंतचा अंदाज उद्धृत झाला होता. त्याचा माग काढल्यावर तो १९८६ मधल्या एका लोकप्रिय मासिकातल्या लेखापर्यंत जातो आणि त्या लेखात त्याला संशोधनाचा आधार दिलेला नव्हता. पुढे कितीतरी वर्षे तो आकडा फिरत राहिला.

आणखी एक निष्कर्ष महत्त्वाचा आहे. ७,७०० हून अधिक गुन्हेगारांच्या माहितीवरचा एक अभ्यास २०१४ मध्ये आला. त्यात जास्त धोक्याच्या गटात सुटकेच्या वेळी पुन्हा गुन्ह्याचे प्रमाण सुमारे २२ टक्के होते. याच गटातले जे लोक बाहेर राहून दहा वर्षे गुन्ह्यापासून दूर राहिले, त्यांच्यात ते सुमारे ४ टक्क्यांवर आले. म्हणजे धोका कायम तेवढाच राहत नाही. पण आपण बदललो आहोत याचा सर्वात भक्कम पुरावा बाहेर राहूनच मिळतो. कुंपणाआड ठेवलेला माणूस तो पुरावा कधीच देऊ शकत नाही.

तज्ज्ञांवरही प्रभाव पडतो

२०१३ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. शंभराहून अधिक न्यायवैद्यक तज्ज्ञांना सारख्याच केस-फाइल्स दिल्या. काहींना सांगितले, तुम्हाला सरकारी पक्षाने नेमले आहे. काहींना सांगितले, बचाव पक्षाने. कागद तेच असूनही सरकारी पक्षासाठी काम करतो असे समजणाऱ्यांनी सरासरीने जास्त धोका दाखवला. जिथे तज्ज्ञाच्या स्वतःच्या मताला जास्त वाव होता तिथे हा फरक जास्त दिसला, स्टॅटिक-९९ सारख्या ठरीव साधनात तो कमी होता. म्हणून कोणताही अहवाल वाचताना तो कोणी मागवला आणि कशाच्या आधारावर केला, हे विचारायला हवे.

उपचारांनी फरक पडतो का?

काही प्रमाणात पडतो. ६९ अभ्यासांच्या २००५ मधल्या विश्लेषणात उपचार घेतलेल्यांत पुन्हा गुन्ह्याचे प्रमाण सुमारे ११ टक्के आणि न घेतलेल्यांत सुमारे १७.५ टक्के होते. मात्र त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या एका मोठ्या आणि काटेकोर चाचणीत दोन्ही गटांत फरक दिसला नाही. यावरून एवढे कळते की विचार आणि वर्तन बदलण्यावर भर देणारे, ज्याचा धोका जास्त त्याला जास्त असे आखलेले उपचार उपयोगी पडू शकतात, पण हमी नाही.

टेस्टोस्टेरॉन कमी करणारी औषधेही आहेत. स्वीडनमध्ये पीडोफिलियासाठी स्वतःहून मदत मागायला आलेल्या ५२ पुरुषांवर अशा एका इंजेक्शनची चाचणी झाली आणि २०२० मध्ये निष्कर्ष आले. दोन आठवड्यांतच धोक्याचे गुण कमी झाले. ही औषधे हाडे ठिसूळ करू शकतात, वजन आणि मनःस्थितीवर परिणाम करू शकतात. ती तज्ज्ञांच्या देखरेखीखाली आणि रुग्णाच्या संमतीनेच द्यायची असतात.

मिनेसोटाचा अनुभव

मिनेसोटा राज्याच्या केंद्रात ७०० हून अधिक लोक होते. हे केंद्र उपचारासाठी आहे असे राज्य सांगत होते. पण २० वर्षांत एकाचीही पूर्ण सुटका झाली नव्हती. २०१५ मध्ये एका संघीय न्यायाधीशांनी ही व्यवस्था घटनाबाह्य ठरवली. २०१७ मध्ये वरच्या न्यायालयाने तो निर्णय फिरवला.

ज्या रुग्णालयातून २० वर्षांत एकही रुग्ण बरा होऊन घरी जात नाही, त्याला डॉक्टर म्हणून रुग्णालय म्हणणे मला कठीण वाटते. समाजाला अशा माणसांना जास्त काळ दूर ठेवायचे असेल, तर गुन्हा सिद्ध होताना तशी शिक्षा द्यावी. ती शिक्षा आहे हे सर्वांना माहीत असते आणि तिला गुन्ह्याच्या पुराव्याचा आधार असतो. आजाराचे नाव देऊन भाकिताच्या जोरावर कोंडणे ही वेगळी गोष्ट आहे.

याच राज्यात २००८ पासून दुसरा एक प्रयोगही चालू झाला. सुटलेल्या कैद्याभोवती प्रशिक्षित स्वयंसेवकांचा छोटा गट असतो. तो त्याला आधार देतो आणि त्याच्यावर लक्षही ठेवतो. या गटातल्या लोकांत पुन्हा अटकेचे प्रमाण कमी आढळले.

भारतात काय?

आपल्याकडे लैंगिक गुन्हेगाराला शिक्षा संपल्यावर 'रुग्ण' म्हणून कोंडून ठेवणारा कायदा नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार मर्जीविरुद्ध दाखल करण्यासाठी खरा आणि गंभीर मानसिक आजार असावा लागतो. निदान जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणासारख्या मान्य निकषांवरच करावे लागते. दोन जणांनी स्वतंत्रपणे तपासावे लागते: एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा माझ्यासारखा साधा डॉक्टर. सुरुवातीची मुदत ३० दिवसांची असते आणि पुढे वाढवायची तर पुनर्विलोकन मंडळाची परवानगी लागते. कोणी धोकादायक 'वाटतो' म्हणून सही करणे या कायद्यात बसत नाही.

मात्र २०१३ च्या दुरुस्तीनंतर काही गंभीर लैंगिक गुन्ह्यांत उरलेल्या नैसर्गिक आयुष्यभराची जन्मठेप देता येते. २०१८ पासून लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंदवहीही आहे, ती तपास यंत्रणांसाठी असते. २०२२ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने फाशीच्या शिक्षेचा विचार करताना आरोपीचा मानसिक मूल्यांकन अहवाल मागवावा असे सांगितले. म्हणजे असे अहवाल आपल्या न्यायालयांतही येणार आहेत. कॅनडा आणि ब्रिटनमधल्या कैद्यांच्या माहितीवर बेतलेली गुणपत्रिका तशीच उचलून इथे लावू नये, एवढी काळजी आपण घ्यायला हवी.

तुमच्यासाठी उपयोगी गोष्टी

- धोका बहुधा ओळखीतलाच असतो. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीत बलात्काराच्या ९० टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. फक्त अनोळखी 'राक्षसा'वर नजर ठेवली तर घरातला, शेजारचा, क्लासमधला माणूस सुटतो.
- मुलाने काही सांगितले तर आधी विश्वास ठेवा. उलटतपासणी करू नका. "तुझी चूक नाही" हे स्पष्ट सांगा. चाइल्ड हेल्पलाइन १०९८ वर मदत मिळते. असा गुन्हा कळल्यावर पोलिसांना कळवणे पॉक्सो कायद्यानुसार बंधनकारक आहे. हे डॉक्टरांनाही लागू आहे.
- स्वतःच्या मनात मुलांबद्दल असे विचार येत असतील तर गुन्हा घडण्याआधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. विचार येणे हा गुन्हा नाही, कृती हा गुन्हा आहे. मुलांसोबत एकटे राहणे तोवर टाळा. टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर बोलून सुरुवात करता येते. जर्मनीत २००५ पासून अशा लोकांसाठी खास उपचार प्रकल्प चालतो.
- 'मनोरुग्ण' हा शब्द शिवीसारखा वापरू नका. मानसिक आजार असलेले बहुसंख्य लोक कोणालाही इजा करत नाहीत. उलट अत्याचाराचे बळी होण्याचा धोका त्यांनाच जास्त असतो.

थोडक्यात

लैंगिक गुन्हा करणारा प्रत्येक जण आजारी नसतो. धोका मोजण्याची साधने उपयोगी आहेत, पण ती गटाबद्दल सांगतात, समोर बसलेला एक माणूस उद्या काय करेल हे सांगत नाहीत. देखरेख किती ठेवायची, उपचार कोणाला आधी द्यायचे, हे ठरवायला ती जरूर वापरावीत. एखाद्याला आयुष्यभर कोंडून ठेवण्यासाठी तेवढा आधार पुरत नाही. पुढच्या वेळी "मेंटलमध्ये टाका" असे कोणी म्हणाले, तर त्यांना एवढेच विचारा: कोणत्या आजारासाठी, कोणता उपचार, आणि सुट्टी कधी? कोणत्याही रुग्णाला दाखल करताना आम्हा डॉक्टरांना याच तीन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात.